ख्रिस्ती माणसाने शब्बाथ पाळावा का? हंगामात वावरात गेलं तर आज्ञा मोडते का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या गावात आलेल्या एका उपदेशकाने सांगितलं की दहा आज्ञांतली चौथी आज्ञा, म्हणजे शब्बाथ (आठवड्यातला विसाव्याचा दिवस) पाळ ही, आजही लागू आहे, खरा शब्बाथ शनिवारीच, आणि रविवार हा रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहाने घुसडलेला दिवस आहे. तुम्ही सोयाबीनवाले, सोंगणीच्या दिवसांत ना शनिवार पाळता येतो ना रविवार. तेव्हापासून झोप लागत नाही, असं लिहिलंय. म्हणून आधी उत्तर देते, बाकीचं मागून.

नाही. शनिवार पाळला नाही म्हणून तुमचं तारण जात नाही. रविवारी वावरात गेलात म्हणूनही जात नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, 15 वा अध्याय काढा. सुमारे इ.स. 49 मध्ये यरुशलेमेत बैठक बसली ती नेमकी याच वादावर: यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर मोशेचं नियमशास्त्र लादायचं का? ठरलं ते एवढंच की त्यांनी मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहावं. शब्बाथाचं नाव त्यात नाही. पौल तर कलस्सैकरांस पत्रात (2:16) साफ लिहितो की सण, अमावस्या किंवा शब्बाथ यावरून कोणी तुमचा न्याय करू नये. हे लिहिणारा माणूस परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या, घरातला, शब्बाथ अंगात मुरलेला. त्याने हे सहज लिहिलं नसणार.

कॉन्स्टंटाईनचं म्हणाल तर त्याचा हुकूम इ.स. 321 चा. त्याच्या कितीतरी आधी त्रोवस शहरात विश्वासणारे आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमत होते (कृत्ये 20:7), आणि दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन नावाच्या शिक्षकाने रोममधून रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. बादशहाने रविवार शोधून काढला नाही, त्याला सरकारी सुट्टी केली. आणि त्या हुकमातली एक गोष्ट उपदेशकाने तुम्हाला सांगितली नसेल. न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी, कारागिरांनी त्या दिवशी काम थांबवायचं होतं. शेतकऱ्याला मात्र मुभा होती. कारण असं दिलंय की पेरणीला किंवा द्राक्षवेल लावायला दुसरा दिवस तितका चांगला मिळेलच असं नाही. पाऊस पडून वाफसा आलाय, तिफण तयार आहे आणि नेमका रविवार उजाडलाय, हे ज्याने पाहिलंय त्याला ही सवलत समजावून सांगावी लागत नाही.

पण मोशे असं म्हणत नाही. निर्गम 34:21 उघडून बघा: सातव्या दिवशी विसावा घे, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातसुद्धा. आणि मला, आयुष्य शेतीत गेलेल्या बाईला, मोशेचंच जास्त पटतं. वर ‘नाही’ म्हणून झाल्यावर हे लिहितेय, याची मला जाणीव आहे. का पटतं ते सांगते.

माझी आजी नागपूरकडची, स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेली. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि त्या परंपरेत रविवार हाच ख्रिस्ती शब्बाथ. आजीच्या तोंडात रविवार हा शब्दच नव्हता, ‘शब्बाथ’च. शनिवारी रात्री भाजी चिरून ठेवायची, रविवारी सुईदोऱ्याला हात लावायची नाही. वडिलांनी हे सगळं तिच्याकडून घेतलं. आम्ही खामगावकडचे, वीस एकर वावर, घरी एक सालदार. रविवारी आमच्या घरातलं कोणीही वावरात जात नसे, आणि याचा आम्हाला अभिमान होता.

मी अकरा वर्षांची होते. थंडीचे दिवस, गव्हाला ओलीत चालू. पाद्रीसाहेबांनी चौथ्या आज्ञेवर उपदेश केला. घरी आल्यावर आईने सालदारकाकांचा डबा दिला आणि मला वावरात पाठवलं. काका दांडात उभे होते, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. जेवायला बांधावर बसले तेव्हा पाय दिसले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, चिखल्यांनी कातडी सुटली होती. भाकर मोडत त्यांनी सहज विचारलं, “काय सांगतलं आज पाद्रीबुवानं?”

मी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, आज देवाचा दिवस आहे, आज काम करायचं नसते.

“असं काय,” म्हणाले. डबा धुऊन दिला, फावडं उचललं आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं.

घरी येऊन मी वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रात्री कंदिलाजवळ शास्त्र घेऊन बसले. कुठला अध्याय ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, कारण त्या पानावर त्यांनी पेन्सिलने रेघ ओढून ठेवली होती: अनुवाद 5:14-15. दहा आज्ञा तिथे दुसऱ्यांदा सांगितल्या आहेत आणि शब्बाथाचं कारण बदललंय. निर्गमात कारण आहे की देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. इथे कारण आहे की तू मिसरात गुलाम होतास, हे आठव. आणि विसावा कोणाकोणाला, त्याची यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका. म्हणजे तुझ्यासारखाच तुझ्या दासाला आणि दासीलाही विसावा मिळेल.

आपल्याकडे बैलाचं तेवढं सगळ्यांना कळतं. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांद्याला लोणी-हळद चोळायची, जुवाने घट्टे पडलेली ती जागा बोटांनी दाबत दाबत मऊ करायची आणि म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” आम्ही पूजा करत नव्हतो, पण पोळ्याला आमच्याही बैलांवर जू चढत नसे. ती आज्ञा दर सातव्या दिवशी बैलाला सोडायला सांगते, आणि बैलाच्या आधी माणसाला.

पुढच्या पाडव्याला साल ठरवताना वडिलांनी रविवार मोकळा ठेवला. खाडा धरायचा नाही, पूर्ण साल द्यायचं. गावातली दोन-तीन माणसं ओट्यावर येऊन बोलून गेली, तुम्ही सालदार बिघडवता म्हणून. आणि आमचा रविवार पार बदलला. ढोरं काही उपाशी राहत नाहीत. पहाटे साडेचारला उठून वडील आणि मोठा भाऊ गोठा काढायचे, मी आणि आई शेण भरायचो, मग आंघोळ करून उपासनेला. आजीला ते शेवटपर्यंत रुचलं नाही. शब्बाथाच्या दिवशी शेणात हात! पण माझ्या समजुतीत त्या वर्षापासून आमच्या घरात शब्बाथ पाळला जाऊ लागला. त्याआधी आम्ही फक्त सुट्टी घेत होतो.

येशूने शब्बाथाच्या दिवशी बरं केलेली माणसं आठवा: वाळल्या हाताचा, अठरा वर्षं कुबडी असलेली बाई. दावणीचा बैल सोडून पाण्यावर नेता ना, मग हिला का सोडवू नये, असं तो विचारतो (लूक 13). शब्बाथ माणसासाठी आहे, हे त्याचं म्हणणं मी असंच वाचते.

हंगामाबद्दल. शब्बाथाच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच वर काढणार नाही का, असं येशू विचारतो (लूक 14:5). सोंगून ठेवलेलं सोयाबीन आणि वर आभाळ, हा तो विहिरीत पडलेला बैलच आहे. काढा. आमच्याकडे एका ऑक्टोबरात उपासना चालू असताना आभाळ आलं, तेव्हा पाळकांनी आशीर्वाद आटोपता घेतला आणि सुडीवर ताडपत्री ओढताना एक कोपरा स्वतः धरला. पण दर रविवारी बैल विहिरीत पडत नाही. फवारणी सोमवारीही होते. आपणच आपल्याला फसवत नाही ना, हे ज्याचं त्याला कळतं.

त्या उपदेशकावर रागावू नका. माझ्या नणंदेचं सासर शनिवार पाळणारं आहे. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत त्यांचा स्वयंपाक, झाडलोट, सगळं उरकलेलं असतं, आणि शनिवारी त्या घरात जी शांतता असते तिचा मला हेवा वाटतो. इथिओपियातली जुनी मंडळी तर दोन्ही दिवस मानते. रोमकरांस 14 मध्ये पौलाने दोघांनाही जागा ठेवलीय: कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याची त्याची मनाची खात्री असावी. भीती घालून दिवस पाळायला लावणं मात्र मला मान्य नाही, मग तो शनिवार असो की रविवार.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मिळाली. वावरातल्या मजुराकडे ती अजून पोचलेली नाही. आमचा आठवडी बाजार रविवारी असतो. म्हणून मी मजुरी शनिवारी संध्याकाळीच वाटते आणि रविवारी वेचणीला कोणाला बोलावत नाही. घरचा कापूस एक दिवस उशिरा येतो.

तुम्ही लिहिलंय की सोंगणीला बाहेरून टोळी आली आहे आणि वावरातच राहते. या रविवारी थ्रेशर सांगितलं असेल तर काढून घ्या, पाऊस सांगितलाय. मग एक दिवस ठरवा, कोणताही, आणि त्या दिवशी त्यांचं काम बंद ठेवून जेवण तुमच्या घरून पाठवा. त्यांच्यात लेकरंवाल्या बायका असतील, तर आधी त्यांना विचारा कोणता दिवस सोयीचा पडतो.