कोणती कॉन्स्पिरसी थिअरी पुढे जाऊन खरी निघू शकते?

माझ्या मते, कंपन्यांनी आपल्याच मालाचा धोका माहीत असून दाबून ठेवला अशा टाइपच्या थिअरीज. आधी काय काय खरं निघालंय ते बघा ना, सिगारेट कंपन्यांना कॅन्सरचं १९५० च्या दशकातच कळलं होतं तरी पुढे कित्येक वर्षं त्या नाहीच म्हणत राहिल्या, आणि अमेरिकेत टस्कगी या गावी १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्य खात्यानंच सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मुद्दाम उपचार दिले नाहीत, त्यावरचं औषध पेनिसिलिन आलं तरीही! अजून संताप येतो वाचून. असल्या गोष्टींत कुणाचा तरी सरळ फायदा असतो आणि कुठेतरी कागद शिल्लक राहतात, तेच शोधायचं. चंद्रावर गेलेच नाहीत हे मात्र कधीच खरं निघणार नाही, अपोलो या अमेरिकेच्या चांद्रमोहिमेवर जवळपास ४ लाख लोक राबत होते आणि सोव्हिएत रशिया तर चूक पकडायला टपूनच बसला होता.