आयसीएन (मशीनच्या पत्त्याऐवजी मजकुराच्या नावानं चालणारं नेटवर्क) हे उद्याचं इंटरनेट होईल का? एम.टेक.च्या प्रोजेक्टला हा विषय घेऊ का?

हा विषय मी मागितला होता आणि मला मिळाला नाही. त्यामुळं उत्तर जरा तिरकं येईल, चालवून घ्या.

2014 साली इथंच कोल्हापुरात एम.टेक. करत होतो. व्हॅन जेकबसनचा याच विषयावरचा 2009 चा पेपर घेऊन गाइडच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी पहिलं पान बघितलं आणि विचारलं, "हा कोण?" टीसीपीचं कंजेशन कंट्रोल, म्हणजे नेटवरची कोंडी आवरणं, 1988 साली ज्यानं मार्गी लावलं, तो कोण! पुढं म्हणाले, "सीडीएन आहे की. एओडीव्ही घे, एनएस-टूवर चार आलेख काढ, सुटशील." (सीडीएन म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायची सोय; एओडीव्ही म्हणजे फिरत्या यंत्रांमध्ये वाट शोधायची जुनी पद्धत; एनएस-टू म्हणजे नेटवर्कचं सिम्युलेटर.) काढले. सुटलो.

मग आला ऑगस्ट 2019. शाहूपुरीत आमच्या इमारतीचा तळमजला पाण्यात, लाइट नाही, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत आम्ही चौदा जण. पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडलेली. सगळ्यांना एकच कळायला हवं होतं, राजाराम बंधाऱ्यावर आता पाणी किती फूट? रेंज एक काडी, तीही खिडकीला चिकटून उभं राहिलं तर. आणि चौदा मोबाइल पाण्याच्या पातळीचा तोच एक व्हिडिओ त्याच टॉवरकडून चौदा वेळा ओढत बसलेले. गोल फिरतंय, बॅटरी उतरतेय. शेवटी माझ्यात आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझ्यात आलाय न्हवं? मग आम्ही परत तिकडनं कशाला मागवायचा?"

काकूंना एओडीव्ही कुणी दिलं नव्हतं, एवढाच फरक.

आजच्या नेटला आधी मशीनचा पत्ता (आयपी) लागतो. एनडीएनमध्ये, म्हणजे आयसीएनच्या एका प्रकारात, वस्तूचं नाव सांगायचं, समजा /कोल्हापूर/पंचगंगा/राजाराम-बंधारा/पातळी. ज्याच्याकडं प्रत असेल तो देईल. मूळ सर्व्हर, वाटेतला राउटर किंवा मांडीला मांडी लावून बसलेल्याचा मोबाइल. एकच मागणी चौदा जणांकडून आली तर राउटर पुढं एकच पाठवतो, बाकीच्यांची नोंद ठेवतो आणि माल आला की सगळ्यांना वाटतो.

त्याच रात्री "राधानगरी फुटलं" असा मेसेज फिरला. खोलीत रडारड. दरवाजे उघडणं वेगळं, धरण फुटणं वेगळं, पण तो मेसेज लिहिला कुणी हेच कळायला मार्ग नव्हता. एचटीटीपीएसचं (ब्राउझरमधल्या सुरक्षित जोडणीचं) कुलूप रस्त्याला असतं, मालाला नाही. एकदा फॉरवर्ड झालं की संपलं. एनडीएनमध्ये प्रत्येक डेटा पॅकेटवर तयार करणाऱ्याची सही असते, मग ते कुणाच्याही हातून येवो. (सही करणारा खरं बोलतोय का, हे सही सांगत नाही. आणि सकाळी नऊची पातळी दुपारी कॅशमधून, म्हणजे वाटेत साठवलेल्या प्रतीतून, मिळाली तर ती काय कामाची? म्हणून नावात वेळ घालावी लागते, पॅकेटला ताजेपणाची मुदत द्यावी लागते.)

तुमचा प्रश्न राहिलाच. अमेरिकेच्या एनएसएफनं (संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) 2010 मध्ये एनडीएनला पैसा दिला, यूसीएलएच्या लिशिया झांग यांनी ते पुढं नेलं, 2017 मध्ये राउटर बनवणाऱ्या सिस्कोनं पार्क या संशोधन संस्थेकडून सीसीएन (जेकबसनच्या पेपरातली मूळ रचना) विकत घेतलं, 2019 मध्ये सीसीएनचे नियम मांडणारा आरएफसी 8569 हा दस्तऐवज आला. तुमच्या घरच्या राउटरात काही आलं का? नाही. जगाच्या राउटिंग टेबलात (कुठला पत्ता कुठल्या वाटेला, ही राउटरांची यादी) आयपीव्हीफोर पत्त्यांचे मार्ग दहा लाखांच्या घरात आहेत. तिथं पत्त्यांऐवजी नावं भरायची, तर नुसती नोंदवलेली डोमेन नावंच 35 कोटींच्या वर, आणि एकेका डोमेनखाली वस्तू किती! शिवाय प्रत्येकाला वेगळ्या किल्लीनं बंद केलेली प्रत जात असेल, तर शेजाऱ्याच्या मोबाइलातली तुम्हाला उघडणारच नाही. म्हणजे आयपी उचलून फेकतील आणि हे बसवतील, असं मला वाटत नाही. पूर, गाड्या, सेन्सर, जिथं रेंज तुटते तिथं याचा जोर दिसेल.

आणि हो, कॅशचा बहुतेक फायदा नेटवर्कच्या कडेलाच, वापरणाऱ्याजवळ, कॅश ठेवूनही मिळतो, असं 2013 च्या सिगकॉम परिषदेतल्या एका पेपरनं दाखवलं होतं. म्हणजे सरांचं सीडीएनवालं म्हणणं अर्धं बरोबर होतं. पण त्यांनी तो पेपरही वाचला नव्हता, हे मी पैजेवर सांगतो.

विषय घ्या. एनडीएनसिम हे एनडीएनचं सिम्युलेटर एनएस-थ्रीवर चालतं. "कॅश किती टक्के लागली" याचे आलेख काढू नका, ते ढिगानं पडलेत. टॉवर मेल्यावर चौदा मोबाइलांत एक फाइल कशी फिरते ते करा. फक्त गाइड ठरवायच्या आधी त्यांच्यासमोर जेकबसनचं नाव सहज काढून बघा.