ऑफिसच्या क्विझसाठी रॉक म्युझिकच्या इतिहासातल्या कुठल्या तारखा आणि किस्से घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या क्विझमध्ये रॉकचा एक राउंड घ्यायचाय, त्यासाठी महत्त्वाच्या तारखा हव्यात आणि सोबत थोडी गंमतीशीर माहिती. तारखा नेटवर ढिगाने मिळतील हो, पण नुसतं "अमुक अल्बम कुठल्या साली आला" विचारत बसलात तर पाचव्या प्रश्नाला लोक मोबाईल काढतील. मी बरीच वर्षं मित्रमंडळींच्या क्विझला म्युझिकचा राउंड काढतोय आणि माझं निरीक्षण असं की रॉकमधले जे दिवस आज दरवर्षी साजरे होतात त्यातले बरेचसे कुणी ठरवून घडवलेलेच नाहीत, काहीतरी बिघडलं, उशीर झाला, परवानगी मिळाली नाही, नाहीतर सरळ कंटाळा आला म्हणून घडलेत. प्रश्नात ती भानगड आणा, तारीख आपोआप लक्षात राहते.

माझी सगळ्यात लाडकी तारीख ४ डिसेंबर १९७१. गाव माँत्रो, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा लेकच्या काठावर. डीप पर्पल हा ब्रिटिश बँड तिथे अल्बम करायला आलेला. प्लॅन साधा होता, तिथला कॅसिनो हिवाळ्यात बंद असतो, तो रिकामा झाला की आत वाजवायचं आणि बाहेर रोलिंग स्टोन्सची भाड्याने आणलेली रेकॉर्डिंगची गाडी उभी करायची. बंद व्हायच्या आधीचा शेवटचा कार्यक्रम अमेरिकन गिटारिस्ट फ्रँक झॅपाचा होता, आणि तो रंगात आलेला असताना पब्लिकमधल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन (इशाऱ्यासाठी पेटती गोळी सोडणारी बंदूक) उडवली. छताला वेताचं काम, पेटलं! थोड्या वेळात अख्खा कॅसिनो गेला, झॅपाचं सगळं सामान गेलं, सुदैवाने माणूस एकही गेला नाही. माँत्रो जाझ फेस्टिव्हल चालवणारा क्लॉड नोब्स आत-बाहेर पळत पोरांना बाहेर काढत होता, ह्या आगीवर पर्पलने केलेल्या "स्मोक ऑन द वॉटर" गाण्यात "फंकी क्लॉड" म्हणून येतो तो हाच (हा प्रश्न घ्याच, गाणं सगळ्यांना पाठ असतं पण हा क्लॉड कोण ते फार थोड्यांना माहीत असतं). पर्पलवाले हॉटेलमधून तलावावर पसरलेला धूर बघत बसले. नंतर एका सकाळी बेसिस्ट रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठला तोच "स्मोक ऑन द वॉटर" हे शब्द तोंडात घेऊन.

पण खरी मजा पुढे आहे. कॅसिनो जळाल्यावर त्यांना गावातलंच पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळालं. तिथे रात्री ह्याच गाण्याचा ट्रॅक वाजवत होते, आवाज एवढा की शेजारपाजारच्यांनी पोलीस बोलावले, पोलीस बाहेरून दार ठोकतायत आणि बँडची पोरं आतून दार दाबून धरून उभी, कारण टेक (एका दमात होणारं रेकॉर्डिंग) पूर्ण व्हायचा होता. टेक झाला आणि तिथून हकालपट्टी पण झाली. मग शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं, तिथल्या थंडगार कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून बाकीचा अल्बम केला, आणि बाहेरच्या गाडीपर्यंत जायचं म्हणजे खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत जावं लागायचं म्हणून वाजवलेलं ऐकायला जाणंच त्यांनी सोडून दिलं. म्हणजे ते गाणं म्हणजे त्या दिवसांचा पंचनामाच आहे, कोण आलं, कशाने पेटलं, मग कुठे गेलो, सगळं क्रमाने. तो अल्बम, "मशीन हेड", मार्च १९७२ मध्ये आला. आणि झॅपाचं नशीब बघा, आगीनंतर सहाच दिवसांनी, १० डिसेंबरला, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने त्याला स्टेजवरून खाली ढकललं, नंतर कित्येक महिने तो व्हीलचेअरवर होता.

दुसरी तारीख, जी सगळे विचारतात आणि नीट विचारत नाहीत, ती ३० जानेवारी १९६९. बीटल्सची गच्चीवरची मैफल. क्विझमध्ये "शेवटचा जाहीर कार्यक्रम कुठला" एवढंच येतं. गच्चीच का, हे विचारा ना! तर लाइव्ह कार्यक्रम कुठे करायचा ह्यावर त्यांचा महिनाभर काथ्याकूट चाललेला, उत्तर आफ्रिकेतलं जुनं रोमन थिएटर झालं, जहाज झालं, एकाला पटलं की दुसऱ्याला नको, शेवटी आपल्याच ऑफिसच्या गच्चीवर जाऊ म्हणाले आणि जिने चढून वर गेले. पत्ता ३ सॅव्हिल रो, लंडन. थंडी मरणाची, म्हणून जॉन लेननने योकोचा फरकोट घातलाय आणि रिंगोने बायकोचा लाल रेनकोट, फोटोत नीट दिसतं. वारा माईकमध्ये घुसत होता म्हणून अॅलन पार्सन्स (तेव्हा ज्युनियर टेप ऑपरेटर, नंतर "डार्क साइड ऑफ द मून"चा इंजिनियर आणि पुढे स्वतःचा प्रोजेक्ट काढणारा तोच) दुकानात जाऊन बायकांचे स्टॉकिंग्ज घेऊन आला, ते माईकवर चढवले. एका गाण्याचे शब्द जॉनच्या लक्षात राहत नव्हते म्हणून एक पोरगा कागद धरून त्याच्या समोर गुडघ्यावर बसलेला. बेचाळीसेक मिनिटं वाजवलं, पोलीस आले, संपलं. त्यातले तीन टेक "लेट इट बी" अल्बमवर तसेच घेतलेत.

ह्याच लोकांचा कंटाळा पुन्हा एकदा कामाला आला, ८ ऑगस्ट १९६९ ला. अल्बमचं नाव ठरत होतं "एव्हरेस्ट", इंजिनियर जेफ एमेरिक ओढायचा त्या सिगरेटचं नाव, आणि कव्हरच्या फोटोसाठी हिमालयात जायची चर्चा. कोण जाणार एवढ्या लांब! स्टुडिओच्या बाहेरच रस्ता ओलांडू आणि रस्त्याचंच नाव, "अॅबी रोड", अल्बमला देऊ. पोलिसाने ट्रॅफिक थांबवला, फोटोग्राफर शिडीवर चढला, दहा मिनिटांत सहा फोटो, त्यातला पाचवा घेतला. आज जगभरातून लोक त्या झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढायला जातात आणि तिथल्या ड्रायव्हर लोकांच्या शिव्या खातात.

वुडस्टॉक तर घ्यावाच लागेल, तारीख आपल्याला लक्षात ठेवायला सोपी आहे, १५ ऑगस्ट १९६९ ला सुरू झाला. पण वुडस्टॉक वुडस्टॉकला झालाच नाही, तिथून सत्तरेक किलोमीटरवर बेथेल गावात मॅक्स यास्गरच्या डेअरी फार्मवर झाला, कारण आधी ज्या गावात ठरला होता तिथल्या लोकांनी परवानगी नाकारली. जागा बदलल्यामुळे कुंपण आणि तिकीट खिडक्या उभारायला वेळच पुरला नाही, लोक येऊन बसले, मग फुकट. रिची हेवन्स पहिला चढला तो मानाचा म्हणून नव्हे, बाकीचे ट्रॅफिकमध्ये अडकले होते म्हणून, आणि "अजून वाजव, अजून वाजव" करत त्याला परत परत पाठवलं, गाणी संपली तेव्हा त्याने उभ्या उभ्या "फ्रीडम" रचलं. पहिल्या रात्री पंडित रविशंकर पावसात वाजवून गेले. आणि जिमी हेंड्रिक्सचं ते गिटारवरचं अमेरिकन राष्ट्रगीत? डोळ्यासमोर रात्र, लाखो लोक वगैरे येतं ना? ते वाजलं सोमवारी सकाळी, १८ तारखेला! कार्यक्रम रविवारी संपायचा होता, पावसाने सगळं लांबलं, चार लाखांतली बहुतेक पब्लिक घरी गेलेली, थोडेच लोक चिखलात उरलेले. मला तरी ते वाजवणं ऐकताना ही सकाळ माहीत असल्याने जास्त भिडतं.

एक दुःखी तारीख पण घ्या, ३ फेब्रुवारी १९५९. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर हे तीन रॉक अँड रोल गायक विमान अपघातात गेले, आयोवामधल्या क्लिअर लेकजवळ. ह्याचं मूळ काय तर बसचा हीटर. ऐन थंडीत टूर, बस सारख्या बंद पडायच्या, ड्रमरचे पाय हिमबाधेने गेल्यासारखे झाले, त्याला हॉस्पिटलात टाकलेलं. हॉली वैतागला, त्याने पुढच्या गावी जायला छोटं विमान ठरवलं, जरा झोप मिळेल आणि कपडे धुऊन होतील म्हणून. बिग बॉपरला फ्लू झालेला, त्याला हॉलीचा बेसिस्ट वेलन जेनिंग्जने आपली सीट दिली. व्हॅलेन्सने गिटारिस्ट टॉमी ऑलसपशी नाणं उडवून सीट जिंकली. सतरा वर्षांचा होता तो. हा भाग क्विझमध्ये विचारताना मी गमतीचा सूर ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

आता आपल्याकडचं थोडं, कारण ऑफिसात कुणीतरी "आपलं काय?" म्हणणारच. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला हे आता सगळ्यांना माहीत झालंय, जन्म ५ सप्टेंबर १९४६ झांझिबारचा, शाळेतल्या बँडचं नाव "द हेक्टिक्स" आणि त्यात तो पियानो वाजवायचा. ह्याच्यापुढचा प्रश्न हवा असेल तर त्याच्या नावाचा लघुग्रह विचारा, शोध लागला १९९१ मध्ये म्हणजे तो गेला त्याच वर्षी, आणि नाव जाहीर झालं २०१६ मध्ये त्याच्या सत्तराव्या जयंतीला, जाहीर केलं ब्रायन मेने, जो क्वीनचा गिटारिस्ट आहेच पण २००७ मध्ये त्याने खगोलशास्त्रातली अर्धवट राहिलेली पीएचडी पण पुरी केली.

पण माझ्या मते मुंबईची खरी तारीख म्हणजे जानेवारी १९६८. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, फिरोजशहा मेहता रोडवर, "वंडरवॉल म्युझिक"चं रेकॉर्डिंग करत होता. शिवकुमार शर्मा संतूरवर. कुठल्याही बीटलचा हा पहिला सोलो अल्बम, आणि त्याचा मोठा हिस्सा फोर्टात झालाय! वेळ उरला म्हणून जॉर्जने तिथेच आणखी एका गाण्याचं संगीत करून घेतलं, त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची. गायला नंतर लंडनला. ते "द इनर लाइट", मार्च १९६८ मध्ये "लेडी मॅडोना"च्या मागच्या बाजूला आलं, आणि बीटल्सच्या सिंगलवर आलेलं जॉर्जचं ते पहिलं गाणं. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे पेज आणि प्लांट पण मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर आपली दोन गाणी करून गेले, ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं.

१ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, बांगलादेशसाठीचा कॉन्सर्ट, ह्यातला एकच किस्सा सांगतो. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं लावून घेतली तर पब्लिकने टाळ्यांचा कडकडाट केला, पंडितजी शांतपणे म्हणाले की वाद्यं लावणं एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. रेकॉर्डवर आहे, ऐकवून प्रश्न विचारता येईल.

रिलीजच्या तारखा मात्र जपून हां. बीटल्सच्या "सार्जंट पेपर"ची अधिकृत तारीख १ जून १९६७, पण ब्रिटनमध्ये दुकानांत तो २६ मेलाच आला होता, आणि कुणी एक जण गुगल करून भांडायला उभा राहतोच. त्यापेक्षा असं विचारा की रिलीजनंतर तीनच दिवसांनी, ४ जूनला, लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये पॉल आणि जॉर्ज समोर बसलेले असताना त्याच अल्बमच्या टायटल साँगने कार्यक्रम कुणी सुरू केला? हेंड्रिक्सने. १३ जुलै हा "वर्ल्ड रॉक डे" म्हणून फॉरवर्ड येतो तोही बघून घ्या, १९८५ च्या लाइव्ह एड ह्या मदतनिधीच्या कॉन्सर्टवरून आलाय खरा, पण तो मुख्यतः ब्राझीलमध्येच साजरा होतो. सत्तावीसाव्या वर्षी गेलेल्यांचा प्रश्न तर मी बंदच केलाय, फार झाला. फक्त रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स आणि डोअर्सचा जिम मॉरिसन दोन वर्षांच्या अंतराने एकाच तारखेला गेले, ३ जुलै, एवढं विचारायला हरकत नाही.

टायब्रेकरला ८ जानेवारी ठेवा. त्या दिवशी जन्मलेले दोन रॉकस्टार आणि एक शास्त्रज्ञ ओळखा, शास्त्रज्ञाचा आवाज पिंक फ्लॉइडच्या एका गाण्यात आहे अशी हिंट द्या. एल्विस प्रेस्ली १९३५, डेव्हिड बोवी १९४७, मधले स्टीफन हॉकिंग १९४२. गाणं १९९४ च्या "द डिव्हिजन बेल"मधलं "कीप टॉकिंग", आणि तो आवाज हॉकिंग यांनी गाण्यासाठी दिलेलाच नव्हता, ब्रिटिश टेलिकॉमच्या टीव्हीवरच्या जाहिरातीतून घेतलाय.