क्लबच्या हुडीवर युनिव्हर्सिटीचा लोगो टाकायचाय. विकणार नाही, आपापसातच वाटणार. तरी परवानगी लागते का?

लागते. नफा कमावताय की नाही यावर ते ठरत नाही, आणि हे मी एवढ्या ठामपणे सांगतेय कारण ४० हुड्यांवरचं भरतकाम मी स्वतःच्या हाताने उसवलंय.

मी आमच्या क्लबची खजिनदार होते. अध्यक्षाचं म्हणणं, फी आपण भरतो, युनिव्हर्सिटी आपली, मग लोगो आपला का नाही? मी म्हटलं लायसन्सिंग ऑफिसला, म्हणजे लोगो वापरायची परवानगी देणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला, एक मेल टाकून विचारू, तर म्हणाला काही गरज नाही, डिझाइन ३० टक्के बदललं की ट्रेडमार्क लागूच होत नाही. मग ढालीवरचं पुस्तक काढून त्याने तिथे टेलिस्कोप बसवला, रिबन तशीच, रंग तेच, खाली युनिव्हर्सिटीचं नाव, आणि काम दिलं अशा व्हेंडरला जो युनिव्हर्सिटीच्या लायसन्स यादीत, म्हणजे लोगो छापायची परवानगी असलेल्यांच्या यादीतच नव्हता. वाटपाच्या दोन दिवस आधी युनिव्हर्सिटीचा मेल आला की चिन्ह काढा नाहीतर माल नष्ट करा. पैसे सगळ्यांकडून घेऊन झाले होते. रात्रभर बारीक कात्री घेऊन एकेक टाका कापत बसले. दोरा निघाला पण सुईची भोकं राहिली, हुडी उजेडासमोर धरली की छातीवर ढाल दिसायचीच. अध्यक्ष आला नाही, म्हणे परीक्षा आहे. परीक्षा मलाही होती.

तर ते ३० टक्के कायद्यात कुठेही नाही. बघणाऱ्याला ही वस्तू युनिव्हर्सिटीची किंवा तिच्या मान्यतेची वाटेल का, मुख्य प्रश्न हा असतो. अमेरिकेत स्मॅक अ‍ॅपरल नावाच्या कंपनीने टी-शर्टवर लोगो टाकलाच नव्हता, लुइझियाना स्टेट वगैरे युनिव्हर्सिट्यांचे रंग आणि कोणती टीम ते कळेल असा मजकूर, एवढंच, तरी २००८ मध्ये अपील कोर्टाने निकाल युनिव्हर्सिट्यांच्या बाजूने दिला.

यादीतला व्हेंडर महाग पडतो ही कुरकुर पण मला पटत नाही. त्या यादीमागे फक्त रॉयल्टी नसते, कपडे शिवणाऱ्या कामगारांना नीट वागवतात का हेही बऱ्याच ठिकाणी असतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिकडच्या विद्यार्थ्यांनीच त्यासाठी आंदोलनं केली, त्यातून २००० साली वर्कर राइट्स कन्सॉर्शियम ही कारखान्यांतल्या कामगारांची परिस्थिती तपासणारी संस्था उभी राहिली आणि कित्येक युनिव्हर्सिट्या लायसन्स देताना कारखान्यांची नावं मागायला लागल्या.

तुम्ही आधी डिझाइन, नग किती आणि व्हेंडर कोण हे ऑफिसला पाठवा, लेखी होकार आला की मगच ऑर्डर द्या. हां, नियम प्रत्येक युनिव्हर्सिटीचे वेगळे असतात, क्लबने स्वतःच्या वापरासाठी केलं तर बऱ्याच ठिकाणी रॉयल्टी माफ असते, पण मंजुरी तरीही लागते. नुसतं नाव साध्या अक्षरात टाकणार असाल तरी विचारून घ्या.

आणि खजिनदाराला पटत नसेल तर तिच्याकडून सही घेऊ नका. मी केली कारण मला भांडण नको होतं. त्या रात्री अध्यक्षाने यायला हवं होतं.