गुडघेदुखीवर कायरोप्रॅक्टिक आणि स्नायूंच्या मालिशीचा उपयोग होतो का?

आपल्या अठ्ठावन्न वर्षांच्या आईला जिना उतरताना गुडघा दुखतो आणि नागपुरात कुणी तरी 'हाड बसवून' देण्याचे सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. झिजलेली कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) कोणत्याही झटक्याने परत येत नाही, त्यामुळे 'बसवणे' हा शब्दच इथे फसवा आहे.

1895 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे हाताने दाब किंवा झटका देऊन सांध्यांवर उपचार करण्याच्या पद्धतीचा, मुख्य भर मणक्यावर असतो. गुडघ्यासाठी खरा प्रश्न मांडीच्या स्नायूंचा आहे, कारण पुढचा स्नायू दुर्बळ झाला की वाटीवर ताण येतो आणि तो नेमका पायरी उतरताना जाणवतो. मांडी व पोटरीच्या आखडलेल्या स्नायूंवर हाताने केलेल्या उपचाराने काही काळ आराम मिळू शकतो. मात्र तो व्यायामाची जागा घेत नाही, केवळ व्यायाम सुसह्य करतो. व्यायाम असा: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद खाली दाबायची, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दिसायला क्षुल्लक, पण माझा भरवसा यावरच अधिक आहे. वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

मात्र गुडघा सुजलेला, गरम किंवा अडकणारा असेल, ताप असेल किंवा पडल्यानंतर पायावर भार घेता येत नसेल, तर मालिश अजिबात करू नये. आधी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ('मेडिकल') किंवा मिहानमधील एम्सच्या अस्थिरोग विभागात दाखवावे.