बीएलईआर १० टक्के? असू द्या!

ड्राइव्ह टेस्टमध्ये (गाडीतून फिरत नेटवर्क मोजताना) एलटीईच्या, म्हणजे ४जीच्या, डाउनलिंकचा (टॉवरकडून मोबाइलकडे) पहिल्या प्रयत्नातला बीएलईआर, म्हणजे चुकलेल्या ब्लॉकचं प्रमाण, सतत १० टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे कव्हरेज खराब आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. तो आकडा मुद्दामच तिथे ठेवलेला असतो.

मोबाइल जो सीक्यूआय (सिग्नल किती चांगला याचा आकडा) कळवतो, त्याची व्याख्याच अशी: ब्लॉक चुकण्याची शक्यता १० टक्क्यांच्या वर न जाता जास्तीत जास्त जेवढं झेपेल तेवढं सांगायचं. त्यावर बेस स्टेशन सहसा स्वतःची दुरुस्ती करतं. अॅक (ब्लॉक नीट पोचला) आला की एक पाऊल पुढे, नॅक (चुकला) आला की नऊ पावलं मागे. हिशेब करून बघा, गाडं १० टक्क्यांवरच येऊन ठरतं. उलट तुम्हाला शून्य दिसला असता तर मला शंका आली असती की शेड्युलर (कोणाला किती डेटा ते ठरवणारा बेस स्टेशनचा भाग) भीत भीत कमी एमसीएस, म्हणजे कमी वेगाचं कोडिंग, देतोय. (अगदी टॉवरखाली उभे असाल तर गोष्ट वेगळी, तिथे वरचा एमसीएसच संपतो.)

खरी गंमत चुकलेल्या ब्लॉकची आहे. सीआरसी (ब्लॉकमधली चूक ओळखणारी तपासणी) जुळला नाही तरी मोबाइल तो फेकून देत नाही. ‘हा बिट १ वाटतोय, पण खात्री कमी’ अशा सॉफ्ट रूपात तो बफरमध्ये राहतो. एसटी स्टँडवरची घोषणा आठवा. पहिल्यांदा ‘सावंत…’ कळतं आणि पुढचं गाडीच्या घरघरीत जातं, दुसऱ्यांदा फक्त ‘…वाडी’ कानावर पडतं. धड एकदाही ऐकलं नाही, पण गाडी कळली. हार्क, म्हणजे चुकलेला ब्लॉक पुन्हा मागवून आधीच्याशी जोडणारी पद्धत, तेच करतं. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून टर्बो कोड एका बिटाचे तीन करतो. पहिल्या फेरीत त्यातले मोजकेच जातात, मग सहसा आरव्ही (कोणते बिट पाठवायचे ती आवृत्ती) ०, २, ३, १ अशा क्रमाने उरलेले पॅरिटी, म्हणजे दुरुस्तीसाठी जोडलेले, बिट. ब्लॉक जसाच्या तसा पुन्हा पाठवला तरी सुमारे ३ डेसिबल फायदा होतोच, पण कोड रेट वरचा (म्हणजे पहिल्या फेरीत जादा बिट कमी) असेल तर नवे पॅरिटी बिट त्याहून जास्त देतात.

एफडीडीत (अपलिंक आणि डाउनलिंकला वेगळी फ्रिक्वेन्सी) एका फेरीला साधारण ८ मिलिसेकंद लागतात, म्हणून हार्कच्या ८ प्रोसेस एकदम चालतात. एक अडकली तरी बाकीच्या थांबत नाहीत.

तेव्हा बघायचाच असेल तर रेसिड्युअल बीएलईआर बघा, म्हणजे हार्कचे सगळे प्रयत्न संपल्यावर उरलेला. डेटा असेल तर तेही आरएलसी (हार्कच्या वरचा थर) पुन्हा मागवून घेतं, फक्त वेळ जातो. व्होल्टीचा (४जीवरच्या कॉलचा) आवाज मात्र आरएलसी अनअॅकनॉलेज्ड मोडमध्ये, म्हणजे पोच न मागता, जातो. तिथे हार्क हरलं की तो तुकडा गेलाच. कॉलमध्ये आवाज तुटतोय अशी तक्रार असेल तर दोन्ही बीएलईआर (पहिल्या प्रयत्नातला आणि रेसिड्युअल) वेगवेगळे काढून बघा, अपलिंकचेसुद्धा.