अभिनंदनना सोडलं ते करारामुळे की मर्जीने? जरा सविस्तर सांगतो

ताई, तुमच्या आठवीतल्या मुलाने विचारलंय की 2019 ला पकडलेले आपले हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन यांना पाकिस्तानने सोडलं ते जिनिव्हा करारामुळे की स्वतःच्या मर्जीने, आणि युद्ध जाहीरच झालं नव्हतं तर ते युद्धकैदी कसे काय. त्याखाली एकदोघांनी लिहिलंय की हे करारबिरार सगळं कागदावरचं, शत्रूच्या कैद्याला पत्रं आणि पगार कशाला हवाय, आणि एकाने कारगिलच्या वेळी गेलेल्या कॅप्टन सौरभ कालियांचं नाव घेऊन विचारलंय की तेव्हा कुठे गेला होता करार. मी लॉ कॉलेजात हा विषय बरीच वर्षं शिकवलाय आणि घरात फौजी माणसं आहेत, त्यामुळे लांब लिहितोय, सावकाश वाचा.

आधी सोपा भाग. युद्ध जाहीर व्हायला लागत नाही. 1949 चे चार जिनिव्हा करार आहेत, त्यातला तिसरा युद्धकैद्यांचा, 143 कलमांचा. दुसऱ्या कलमातच लिहिलंय की दोन देशांच्यात सशस्त्र संघर्ष झाला की करार लागू, मग कुणी त्याला युद्ध म्हणो न म्हणो. भारताने 1950 साली मान्यता दिली, पाकिस्तानने 1951 साली. म्हणजे 27 फेब्रुवारी 2019 ला अभिनंदन पॅराशूटने उतरून पाकिस्तानी फौजेच्या ताब्यात गेले त्या क्षणापासून ते युद्धकैदी, यात वाद नाही.

सोडण्याबद्दल म्हणाल तर कलम 118 सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडायचं, त्यांना ठेवून घेऊन सौदा करायचा नाही. पण "विनाविलंब" म्हणजे किती तास, किती दिवस, हे कुठेच लिहिलेलं नाही. 1 मार्चच्या रात्री ते वाघ्यावरून परत आले, इतक्या लवकर सोडा असं काही करार त्या दिवशी बजावत नव्हता, तो निर्णय राजकीय होता आणि त्यामागे दबावही होता. पण मारहाण न करता, नाव लपवून न ठेवता, धडधाकट परत करणं ही मेहेरबानी नव्हती, ते देणंच लागत होते ते. तेव्हा मुलाला सांगा, तारीख मर्जीची, परत करणं कराराचं.

आता अभिनंदन पकडले गेल्यावर त्यांचा जो व्हिडिओ सगळीकडे फिरला त्याचं. डोळे बांधलेले, चेहरा रक्ताने माखलेला. कलम 13 म्हणतं की कैद्याला मारहाण, धमकी, अपमान यांच्यापासून जपायचंच, शिवाय लोकांच्या बघेगिरीपासूनही जपायचं. तो व्हिडिओ या कलमाचा सरळ भंग होता आणि भारताने तेव्हाच निषेध नोंदवला. त्यात त्यांनी काय सांगितलं ते आठवा, नाव, हुद्दा, सर्व्हिस नंबर, आणि पुढचं विचारल्यावर नम्रपणे नकार. ते कलम 17. कैद्याला सांगावं लागतं ते फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर, बाकी काही काढून घेण्यासाठी छळ सोडाच, धमकावताही येत नाही. इतक्या वेदनेत त्या माणसाला ते कलम आठवलं, हे ट्रेनिंग असतं आणि मला त्याचं फार मोल वाटतं. एक विनंती, पकडलेल्या सैनिकाचा असा व्हिडिओ, तो कुठल्याही देशाचा असो, पुढे ढकलू नका, आपल्या चॅनलवाल्यांनाही हे कुणीतरी सांगायला पाहिजे. पण खरं सांगायचं तर त्याच व्हिडिओमुळे ते जिवंत आहेत हे साऱ्या जगाला कळलं, आणि एकदा जगाला कळलं की माणूस गायब करता येत नाही. हे काम खरं तर व्हिडिओने करायचं नसतं, त्याच्यासाठी करारात एक साधं कार्ड आहे, आणि सगळ्या 143 कलमांत मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कलम 70. कैदी पकडला गेला की लगेच, आणि कॅम्पात पोचल्यापासून फार तर आठवड्याच्या आत, त्याला स्वतःच्या हाताने एक कार्ड लिहू द्यायचं, एक घरच्यांना, एक कैद्यांची नोंद ठेवणाऱ्या जिनिव्हाच्या एजन्सीला. मी पकडलो गेलोय, माझा पत्ता हा, तब्येत अशी. याला कॅप्चर कार्ड म्हणतात. मग महिन्याला निदान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहायची मुभा, आणि कलम 126 प्रमाणे रेड क्रॉसचे लोक कॅम्पात येऊन कैद्याशी एकट्याने बोलणार, पहारेकरी बाहेर. ज्यांनी विचारलं की शत्रूला पत्रं कशाला, त्यांनी हे बघा की ते पत्र फक्त कैद्याचं नसतं. एकदा नाव नोंदलं गेलं की त्या माणसाचा हिशोब द्यावा लागतो, मेला तर कसा मेला, कुठे पुरला हेही सांगावं लागतं.

ही कल्पना 1949 ची नाही. 1914 ला रेड क्रॉसने जिनिव्हात कैद्यांची एजन्सी उघडली आणि पहिलं महायुद्ध संपेपर्यंत तिथे 70 लाखांच्या आसपास कार्डं जमली. त्याच युद्धात 29 एप्रिल 1916 ला इराकात कुत-अल-अमाराला सहावी पूना डिव्हिजन तुर्कांना शरण गेली, तिच्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या, आणि पुढच्या पायपिटीत आणि कॅम्पात कैदी हजारोंनी मेले. तेव्हा 1907 चे हेगचे नियम होते, पण कैद्यांबद्दल ते तोकडे पडले, म्हणून पुढे 1929 चा करार आला आणि त्यावरून 1949 चा.

पगाराचंही सांगून टाकतो कारण त्याच्यावरून लोक चिडलेत. साध्या सैनिकाला महिन्याला 8 स्विस फ्रँक, जनरलला 75, तेही आगाऊ रक्कम म्हणून, त्याचा हिशोब नंतर दोन देश आपसात करतात. साबण, तंबाखू, पोस्टाचं सामान घेण्यापुरते पैसे, बाकी काही नाही.

आता 1971, कारण आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण तेच. 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली त्या कागदातच लिहिलंय की शरण आलेल्यांना जिनिव्हा करारांप्रमाणे सन्मानाने वागवलं जाईल. 93,000 माणसं, त्यात बायकापोरं आणि नागरिकही. रांची, मेरठ, आग्रा, जबलपूर अशा ठिकाणी कॅम्प. माझे एक काका तेव्हा अशा एका कॅम्पात पहाऱ्यावर होते, ते सांगायचे की पोस्टाची गोणी आली की अख्ख्या कॅम्पात कुणी झोपायचं नाही, आणि ज्याला पत्र नाही तो दोन दिवस जेवायचा नाही. काकांचा सख्खा आतेभाऊ त्याच लढाईत गेलेला, तरी ते म्हणायचे की गोणी उशिरा आली की मलाच चुटपूट लागायची.

पण इथे आपणही शंभर टक्के बरोबर होतो असं मी म्हणणार नाही, आणि याच्यावरून माझं नातेवाइकांशी भांडण झालंय. लढाई डिसेंबर 1971 ला थांबली. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल 1 डिसेंबर 1972 ला झाली, पण पूर्वेकडच्या कैद्यांची परतपाठवणी भारत-पाकिस्तानमधल्या दिल्ली करारानंतर, म्हणजे सप्टेंबर 1973 पासून सुरू झाली आणि एप्रिल 1974 ला संपली. भारताचं म्हणणं की शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त कमांडपुढे झाली, म्हणून बांगलादेशच्या संमतीशिवाय सोडता येत नाही, शिवाय बांगलादेशला 195 जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. खटल्यासाठी काहींना ठेवून घेणं करारात बसतं, ते मला पटतं. पण त्या 195 जणांसाठी बाकीच्या हजारोंना पावणेदोन ते सव्वादोन वर्षं ठेवणं "विनाविलंब" मध्ये बसवायला फार ओढाताण करावी लागते. वागणूक चांगली दिली, सोडायला उशीर केला, दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

पलीकडच्या बाजूचं एक उदाहरण मी वर्गात हमखास सांगतो. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर, आपला मराठी माणूस, 10 डिसेंबर 1971 ला त्यांचं सुखोई पडलं आणि ते पकडले गेले. रावळपिंडीच्या कॅम्पात ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासोबत त्यांनी भिंतीला भोक पाडलं आणि 13 ऑगस्ट 1972 च्या मध्यरात्री पळाले, बसने पेशावर, तिथून लंडी कोतल, अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर, आणि तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला जे 1932 सालीच बंद पडलेलं, त्यावरून संशय आला आणि पकडले. आता कायदा काय म्हणतो बघा. पळणं हा कैद्याचा गुन्हा नाही. कलम 92, पळताना सापडला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, आणि ती जास्तीत जास्त 30 दिवस. पळण्यासाठी साधे कपडे घातले, खोटं नाव सांगितलं, तरी वेगळा खटला नाही, फक्त कुणाच्या जिवाला धक्का लावायचा नाही. हे पाकिस्तानलाही माहीत होतं, आणि 1 डिसेंबर 1972 ला हे तिघं बाकीच्यांबरोबर वाघ्यावरून घरी आले. ज्यांना सगळं कागदावरचं वाटतं त्यांनी हे तीन वैमानिक आठवावेत. नाव नोंदलेलं होतं, रेड क्रॉसला माहीत होतं, म्हणून पळून सापडल्यावरही जीव राहिला.

1999 ला कारगिलच्या वेळी आपले वैमानिक नचिकेता यांचं तसंच. 27 मे ला इंजिन बंद पडून उतरावं लागलं, पकडले गेले, आठवड्याभरात, 3 जूनला, पाकिस्तानने त्यांना रेड क्रॉसकडे सोपवलं.

आणि कॅप्टन सौरभ कालिया. दादा, विसरलेलो नाही. त्याच मे महिन्यात ते आणि 4 जाट पलटणीचे पाच जवान गस्तीवर पकडले गेले, 9 जूनला त्यांचे देह परत आले आणि त्यांचा छळ झाल्याचं आपल्या शवविच्छेदनात निघालं, पाकिस्तानने ते नाकारलं. त्यांच्यापर्यंत रेड क्रॉसचं कुणी पोचलं नाही. कलम 130 मध्ये छळ आणि कैद्याची हत्या हे गंभीर भंग आहेत आणि कलम 129 प्रमाणे असे गुन्हेगार शोधून खटला भरणं हे सह्या केलेल्या प्रत्येक देशाचं काम आहे. ते झालं नाही. त्यांच्या वडिलांनी वर्षानुवर्षं दारं ठोठावली. पण कायदा मोडला गेला म्हणून कायदा नव्हता असं होत नाही, तो होता म्हणूनच त्याला हत्या म्हणता येतंय. आणि "मग आपणही त्यांच्या कैद्यांना तसंच करू" याला कलम 13 मध्येच बंदी आहे, कैद्यावर सूड घ्यायचा नाही, समोरच्याने काहीही केलेलं असो. हे पचायला जड आहे, शिकवताना मलाही दरवेळी जड जातं.

ज्यांनी "54 जण अजून तिकडच्या जेलात जिवंत आहेत" असं ठामपणे लिहिलंय त्यांच्यासाठी शेवटचं. 1965 आणि 1971 मधल्या बेपत्ता सैनिकांची ती यादी, पाकिस्तानच्या ताब्यात आहेत असं भारत मानतो, पाकिस्तान म्हणतं आमच्याकडे कुणी नाही. यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. 1971 च्या डिसेंबरात ढाक्याच्या एका इंग्रजी पेपरात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या नावांत तांबेंच्या जवळ जाणारं आडनाव छापून आलं होतं. एवढाच धागा. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कारविजेत्या, 2007 साली बाकी नातेवाइकांबरोबर पाकिस्तानात जाऊन तिथल्या जेलमधले कैदी बघून आल्या, हाती काही लागलं नाही. त्यांना 1971 ला ते एक कार्ड आलं असतं तर हो किंवा नाही यातलं काहीतरी तेव्हाच कळलं असतं. तेव्हा त्या घरातली माणसं हे वाचत असतील असं समजून लिहा, "आहेत" असंही ठोकून नको आणि "केव्हाच गेले" असंही नको.